अपडेट बंद करू नका, साधन नीट निवडा: सीमाभागातील सहकारी संस्थांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, संचालक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी,
बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी भागातील पतसंस्था, सौहार्द सहकारी संस्था व साखर कारखाने

विषय: सर्व्हरवरील अपडेट बंद ठेवण्याचा आणि सर्वांसाठी एकच ‘सिंगल क्लिक’ साधन घेण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत.

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

आपल्या संस्थांमध्ये नुकतेच जे परिपत्रक फिरले, त्यात तीन गोष्टी ठरवल्या आहेत. सर्व्हरवर पुढील सूचनेपर्यंत कोणतेही अपडेट करायचे नाही. वर्षातून एकदा, मार्च क्लोजिंग उरकल्यावर, बाहेरच्या एजन्सीने येऊन सगळे ‘लेटेस्ट’ करून जायचे. आणि त्यासाठी सर्व संस्थांनी मिळून एकच सॉफ्टवेअर घ्यायचे, ज्याची निवड सर्वांत कमी दराच्या कोटेशनवर आणि ‘एका क्लिकमध्ये काम’ या निकषावर होईल. या तिन्ही गोष्टींना आमचा विरोध आहे.

आम्ही या संस्थांचे सर्व्हर सांभाळणारी माणसे आहोत. कोणी पगारावर, कोणी वार्षिक करारावर. आमच्या घरच्यांच्या ठेवी, पिग्मी आणि उसाची बिले याच सर्व्हरवर आहेत. त्यामुळे हा विषय आमच्या नोकरीपुरता राहत नाही. पत्र उघड लिहितो आहोत ते याचसाठी, की या नोंदी सभासदांच्या आहेत आणि त्यांच्या सुरक्षेबद्दल काय ठरले हे कळण्याचा त्यांना हक्क आहे.

ज्या घटनेमुळे हा निर्णय झाला तिच्यापासून सुरुवात करू. एका संस्थेचे काउंटर कामाच्या दिवशी बंद पडले, सभासद रांगेत उभे राहिले, आणि ‘अपडेटने घात केला’ असे सगळीकडे झाले. संचालकांचा राग रास्त होता. पण त्या दिवशी झाले काय, हे कुठेच लिहिले गेले नाही. तिथे साधे अपडेट झालेच नव्हते. उबुंटू १८.०४ वरून २०.०४ वर, म्हणजे एका आवृत्तीतून दुसऱ्या आवृत्तीत, सबंध ऑपरेटिंग सिस्टिम नेली गेली. त्यासोबत मायएसक्यूएल हा डेटाबेसही ५.७ वरून ८.० वर गेला. ८.० मधून क्वेरी कॅश (आधी शोधलेली उत्तरे साठवून ठेवणे) ही सोय काढून टाकलेली आहे. उबुंटू १८.०४ सोबत येणाऱ्या मायएसक्यूएलच्या मूळ सेटिंग फाइलमध्ये मात्र क्वेरी कॅशच्या दोन ओळी असतात. ८.० ला त्या ओळी ओळखता येत नाहीत, आणि अनोळखी सेटिंग दिसले की तो सर्व्हर सुरूच होत नाही. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदफाइलीत, हे स्पष्ट लिहिलेले असते. दोन ओळींपुढे हॅश (#) टाकून त्या निष्क्रिय केल्या की काम झाले असते.

पुढची गोष्ट जास्त गंभीर आहे. ओळी काढून ८.० एकदा सुरू झाला की तो जुन्या डेटाची अंतर्गत मांडणी बदलतो. त्यानंतर ५.७ चे पॅकेज (सॉफ्टवेअरचे तयार गाठोडे) परत बसवले तरी त्याला तो डेटा वाचता येत नाही. ८.० वरून ५.७ वर उतरण्याची वाटच नाही, फक्त आधीचा बॅकअप उरतो. म्हणजे दोष एका आवृत्तीतले सुरक्षा अपडेट आणि आवृत्तीबदल या दोन वेगळ्या कामांना एकाच बटणाखाली बांधणाऱ्या साधनाचा होता. आता त्याच जातीचे साधन सर्व संस्थांसाठी घ्यायचे ठरते आहे, यापेक्षा मोठी चिंता आम्हाला दुसरी वाटत नाही.

आमच्या तक्रारी क्रमाने मांडतो.

पहिली तक्रार सरसकट बंदीची. वर्षभर अपडेट न करणे म्हणजे वर्षभर जाहीर झालेली भोके उघडी ठेवणे. १ जुलै २०२४ ला ओपनएसएसएच या दुरून सर्व्हरवर लॉगइन करण्याच्या सॉफ्टवेअरमधला एक दोष जाहीर झाला, क्रमांक सीव्हीई-२०२४-६३८७. लॉगइन न करता बाहेरून सर्व्हरचा ताबा मिळू शकेल अशा प्रकारचा. दुरुस्त पॅकेजेस डेबियन आणि उबुंटू या लिनक्स वितरणांनी लगेच दिली. आपले परिपत्रक तेव्हा लागू असते तर ती दुरुस्ती पुढच्या एप्रिलमध्ये बसली असती. त्याच महिन्याच्या अखेरीस सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला आणि देशातले यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरते तोडल्याचे ३१ जुलैला जाहीर केले. त्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय थांबले. लहान संस्थांकडे कोण पाहतो, हा समज त्या दिवशी संपायला हवा होता. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. अपडेट आम्हीच बंद ठेवले होते, असे त्या अहवालात कोण लिहिणार?

दुसरी तक्रार ‘सर्व्हर ठीक आहेत’ या अहवालाची. आपल्याकडे अजून बरेच सर्व्हर सेंटओएस ७ या लिनक्स वितरणावर आहेत. त्याचा आधार ३० जून २०२४ ला संपला. त्यानंतर पॅकेज देणाऱ्या पत्त्यांची यादी बंद झाली आणि पॅकेज आणणारी यम कमांड चूक दाखवू लागली. काही एजन्सींनी काय केले? पत्ता बदलून जुन्या पॅकेजेसच्या साठ्याकडे, व्हॉल्टकडे वळवला. चूक दिसायची थांबली आणि ‘अपडेट करण्यासारखे काही नाही’ असा संदेश येऊ लागला. तो येणारच, कारण त्या साठ्यात नवीन काही पडतच नाही. त्याहून जुनी फसगत म्हणजे ‘फक्त सुरक्षा अपडेट’ हा पर्याय. हा पर्याय पॅकेजसोबत येणाऱ्या सूचनायादीवर चालतो, आणि सेंटओएसच्या स्वतःच्या साठ्यात ती यादी कधी दिलीच जात नव्हती. म्हणून कमांड प्रत्येक वेळी शून्य दाखवायची आणि अहवालात हिरवी खूण पडायची. अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स ही त्याच घराण्यातली वितरणे ही यादी देतात, तिथे हा पर्याय कामाचा आहे. साधन निवडणाऱ्याला एवढा फरक ठाऊक असायला हवा.

याची उलट बाजूही पाहा. तपासणीला येणारे काही जण फक्त आवृत्तीचा आकडा बघून ‘जुने आहे’ असा शेरा मारतात. ओपनएसएसएल या गुप्त संवाद सांभाळणाऱ्या लायब्ररीतल्या २०१४ च्या हार्टब्लीड दोषाची दुरुस्ती १.०.१जी मध्ये आली. डेबियन ७ ने मात्र १.०.१ई हाच आकडा ठेवून त्यात ती दुरुस्ती बसवली आणि पॅकेजच्या नावाला शेपटी जोडली, डेब७यू५. आकडा जुना, पण भोक बुजलेले. स्थिर वितरणे असेच काम करतात आणि तेच आपल्याला हवे आहे, कारण दुरुस्ती मिळते पण सॉफ्टवेअरचे वागणे बदलत नाही. ‘लेटेस्ट’ या शब्दामागे धावणारे साधन ही मांडणीच मोडते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या पॅकेजमध्ये मागचे दार (मुद्दाम ठेवलेली चोरवाट) सापडले. ते ५.६.० आणि ५.६.१ या अगदी ताज्या आवृत्त्यांत होते. डेबियन स्थिर वापरणाऱ्यांपर्यंत ते पोचलेच नव्हते.

तिसरी तक्रार वेळेची. अपडेट दिवसा होतात, काउंटर अडकते, ही कुरकुर खरी आहे. कारण मात्र कोणी शोधले नाही. उबुंटूवर आपोआप अपडेट करणारा टायमर रोज सकाळी ६ वाजता, त्यात तासाभरापर्यंतच्या यादृच्छिक विलंबाने, चालतो. ज्या सर्व्हरला रात्रंदिवस वीज आहे तिथे हे काउंटर उघडण्याआधीच उरकते. आपल्या बऱ्याच शाखांत मात्र रात्री सर्व्हर बंद करून कुलूप लावतात. त्या टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट’ हे सेटिंग चालू असते, त्यामुळे चुकलेली पाळी मशीन सुरू झाल्यावर थोड्याच वेळात भरून काढली जाते. म्हणजे शिपाई साडेनऊला बटण दाबतो, आणि पहिला सभासद खिडकीवर येतो तेव्हा आत डेटाबेसचे पॅकेज बदलले जात असते. पॅकेज बदलले की डेटाबेस रीस्टार्ट होतो आणि पासबुक अर्धवट छापले जाते. मग कोणीतरी ‘हँग झाला’ म्हणून बटण दाबून सर्व्हर बंद करतो, आणि पॅकेजेस अर्धवट बसलेल्या अवस्थेत राहतात.

यावर उपाय दहा मिनिटांचा आहे. सिस्टिमडीमध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या सेवा आणि टायमर चालवणाऱ्या व्यवस्थेत, ॲप्ट-डेली-अपग्रेड टायमरची सेटिंग एडिट करायची. त्यात ऑनकॅलेंडरची एक ओळ आधी रिकामी लिहायची, नाहीतर जुनी वेळ तशीच राहते आणि टायमर दोनदा चालतो. तिच्याखाली नवी वेळ द्यायची, पिग्मी एजंटांची मशीन रिकामी होऊन डे-एंड झाल्यानंतरची, समजा रात्री ८. यादृच्छिक विलंब शून्य, पर्सिस्टंट बंद. ज्या शाखेत संध्याकाळी सर्व्हर बंद करतात तिथे अपडेटच्या दिवशी तो उशिरा बंद करायचा, आणि तो कोणी करायचा त्याचे नाव लिहून ठेवायचे. यासाठी कोणतेही सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही.

चौथी तक्रार साधनाच्या निकषांची, आणि इथे थोडे थांबून लिहावे लागेल.

तयार बायनरी पॅकेज, मग ते डेब असो की आरपीएम, म्हणजे फक्त फाइलींचे गाठोडे नसते. त्यात कोणत्या दुसऱ्या पॅकेजवर ते अवलंबून आहे याची यादी असते, बसवण्याआधी आणि नंतर चालणाऱ्या स्क्रिप्ट असतात, आणि ते कुठून आले याची खात्री देणारी सही साठ्यावर किंवा पॅकेजवर असते. अपग्रेड करणाऱ्या साधनाने या साऱ्याचा मान राखला पाहिजे. वितरणाची स्वतःची साधने, म्हणजे डेबियन आणि उबुंटूवर ॲप्ट, अल्मा आणि रॉकीवर डीएनएफ, तो राखतात. त्यांच्यावर बसून काम करणारे साधन चालेल. अनेक सर्व्हरवर एकदम कामे चालवणारे अन्सिबल चालेल. रंगीत पडद्याचे काही हवे असेल तर वेबमिनही चालेल, कारण खाली तेच ॲप्ट किंवा डीएनएफ चालते. पण पॅकेज व्यवस्थापनाला वळसा घालून स्वतःच फाइली आणून ठेवणारे साधन नको. त्याने बसवलेल्या गोष्टींची नोंद ॲप्टकडे राहत नाही, आणि पुढचे सुरक्षा अपडेट त्यांना लागू होत नाही.

कोटेशन मागवताना पुढचे प्रश्न विचारा, आणि उत्तर तोंडी न घेता चालवून दाखवायला सांगा.

बदल करण्याआधी काय होणार ते साधन दाखवते का? ॲप्ट-गेटला सिम्युलेट सांगितले की तो काहीही न बदलता यादी छापतो. ‘इन्स्ट’ म्हणजे बसणार, ‘कॉन्फ’ म्हणजे जुळवणी होणार, ‘रेम्व’ म्हणजे निघून जाणार. आमचा नियम साधा आहे. यादीत ‘रेम्व’ची एकही ओळ दिसली तर थांबायचे, आणि का ते कळेपर्यंत पुढे जायचे नाही. ॲप्ट-गेटचे साधे अपग्रेड काहीच काढत नाही आणि नवे पॅकेजही आणत नाही. फुल-अपग्रेड दोन्ही करते. काही साधने आतून थेट फुल-अपग्रेड चालवतात आणि पडद्यावर नुसते ‘अपडेट’ म्हणतात. याच्या उलट, वर्षानुवर्षे केवळ ॲप्ट-गेट अपग्रेड चालवणाऱ्यांचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) ‘केप्ट बॅक’ म्हणून मागेच राहतो, कारण नव्या कर्नलचे पॅकेज नव्या नावाने येते. त्यासाठी नवी पॅकेजेस आणू देणारा पर्याय जोडावा लागतो. डीएनएफवर चेक-अपडेट वापरतात. अपडेट उपलब्ध असतील तर ती कमांड १०० हा कोड परत देते, आणि घाईत लिहिलेल्या स्क्रिप्ट त्यालाच बिघाड समजून थांबतात. हा १०० कुठे सांभाळला आहे ते विक्रेत्याला दाखवायला लावा. जाणकार कोण ते तिथेच कळते.

एखादे पॅकेज थोपवता येते का? ॲप्टमध्ये होल्ड, डीएनएफमध्ये व्हर्जनलॉक. कोअर बँकिंग सॉफ्टवेअर ज्या डेटाबेस आणि पीएचपी आवृत्तीवर तपासले आहे ती थोपवून ठेवणे योग्यच आहे. मात्र प्रत्येक होल्डसोबत कारण आणि पुन्हा तपासण्याची तारीख हवी. नाहीतर तीन वर्षांनी कोणालाच आठवत नाही आणि डेटाबेस जुन्या भोकांसह तसाच बसतो.

सहीची तपासणी चालू आहे का? सही तपासायच्या किल्लीची मुदत संपली की ॲप्ट, आणि किल्ली बदलली की डीएनएफ चूक दाखवतो. नवी किल्ली आणण्याऐवजी साठ्याच्या ओळीत ‘ट्रस्टेड’ लिहून किंवा जीपीजीचेक शून्य करून मोकळे झालेले सर्व्हर आपल्या भागात आहेत. हे तातडीने शोधून काढावे. तपासणी बंद असेल तर वाटेत कोणीही बदललेले पॅकेज रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने बसू शकते.

सेटिंग फाइलींचे काय होते? आपण बदललेली फाइल आणि पॅकेजमधून आलेली नवी फाइल यांत फरक असला की डीपीकेजी, म्हणजे ॲप्टखाली पॅकेज बसवणारा प्रोग्राम, थांबून विचारतो. रात्री आपोआप चालणाऱ्या कामात विचारायला समोर कोणी नसते. तेव्हा जुनी फाइल ठेव असे आधीच सांगून ठेवायचे. नवी फाइल मग ‘डीपीकेजी-डिस्ट’ शेपटीने शेजारी पडते, आरपीएमवर ‘आरपीएमन्यू’. दुसऱ्या दिवशी या शेपटीच्या फाइली शोधून फरक पाहणे हे काम माणसाचे आहे, आणि करारात त्याचे तास धरले पाहिजेत.

बदलानंतर काय रीस्टार्ट करायचे ते साधन सांगते का? लायब्ररीचे पॅकेज बदलले तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्राम मेमरीतली जुनीच लायब्ररी वापरत राहतो. यादी म्हणते दुरुस्त, प्रत्यक्षात भोक तसेच. डेबियन-उबुंटूवर नीडरीस्टार्ट आणि डीएनएफकडे नीड्स-रीस्टार्टिंग हे दाखवतात. डेटाबेसला मात्र त्याच्या आपोआप रीस्टार्टमधून वगळा, तो ठरल्या वेळी हातानेच करावा.

मागे फिरता येते का? सगळे विक्रेते ‘हो’ म्हणतात, तेव्हा खोलात विचारा. डीएनएफच्या हिस्टरीत अंडू आहे, पण जुने पॅकेज साठ्यात शिल्लक असेल तरच तो चालतो. डेबियन आणि उबुंटूच्या साठ्यात साधारणपणे ताजे पॅकेजच राहते, आधीचे निघून जाते. एलव्हीएम स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची गोठवलेली प्रत, घेऊन काम करणे चांगले, पण बूट पार्टिशन बहुधा एलव्हीएमच्या बाहेर असते, ते वेगळे जपावे लागते. आणि स्नॅपशॉटवर परतताना डेटाबेसही त्याच क्षणावर परततो. मधल्या वेळात पिग्मीची रक्कम जमा झाली असेल तर ती नोंद जाते. म्हणून स्नॅपशॉट काउंटर बंद झाल्यावर घ्यायचा आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत एकही व्यवहार होऊ द्यायचा नाही. डेटा वेगळ्या व्हॉल्यूमवर असेल तर सिस्टिम मागे नेता येते आणि डेटा जागेवर राहतो, पण ते डेटाबेसची मुख्य आवृत्ती बदललेली नसेल तरच.

या सगळ्यात आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट कोणत्याच कोटेशनमध्ये नाही. ती म्हणजे मधला साठा. आज प्रत्येक सर्व्हर स्वतः बाहेरून पॅकेज आणतो. सोमवारी चाचणीच्या मशीनवर जे तपासले ते गुरुवारी खऱ्या सर्व्हरवर येईलच असे नाही, कारण मधल्या तीन दिवसांत बाहेर काहीतरी बदललेले असते. ॲप्टली हे मुक्त साधन बाहेरच्या साठ्याची प्रत घेते, तिचा तारखेसह स्नॅपशॉट गोठवते आणि तोच सर्व सर्व्हरना देते. चाचणी मशीनने १० तारखेचा स्नॅपशॉट वापरला, तर १४ तारखेला शाखांनाही तोच मिळतो, अक्षरशः त्याच फाइली. बिघडले तर आधीचा स्नॅपशॉट पुन्हा प्रसिद्ध करायचा, की जुनी पॅकेजेस हाताशी असतात. अल्मा-रॉकीसाठी हेच काम रेपोसिंक आणि क्रिएटरेपो यांनी तारखेच्या फोल्डरमध्ये होते. लागणाऱ्या पॅकेजेसपुरता फिल्टर लावला तर साधा डेस्कटॉप आणि १ टीबीची डिस्क पुरते. पाच-सहा संस्थांना मिळून एक मशीन बास. ॲप्ट-कॅशर-एनजीने इंटरनेटची बचत होते, खानापूरच्या शाखांना ती उपयोगी आहे, पण तो साठा गोठवत नाही. दोन्हींत गल्लत करू नये.

पाचवी तक्रार, वर्षातून एकदा येऊन सगळे ‘लेटेस्ट’ करण्याची. सेंटओएस ७ वरून हलावे लागणार हे खरे आहे. पण एका दिवसात येऊन जागच्या जागी अल्मालिनक्स ८ वर नेणाऱ्याला एक प्रश्न विचारा: पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या इंडेक्सचे, म्हणजे नोंदी पटकन शोधण्याच्या सूचीचे, काय करणार? सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी (सिस्टिमची मूळ लायब्ररी) २.१७ आहे, अल्मा ८ मध्ये २.२८. अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम २.२८ मध्ये मोठ्या प्रमाणात बदलले. पोस्टग्रेएसक्यूएल मजकुराचे इंडेक्स या नियमांवर रचून डिस्कवर ठेवतो. डेटाची फोल्डर जशीच्या तशी नव्या सिस्टिमखाली आली की जुन्या क्रमाने लावलेले इंडेक्स नव्या क्रमाने शोधले जातात. सर्व्हर सुरू होतो, कसलीही चूक दिसत नाही. फक्त काउंटरवर सभासदाचे नाव टाकले की ‘सापडत नाही’ येते. क्लार्क नवे खाते उघडतो, आणि जिथे दुसरी नोंद होऊच नये तिथे ती होते. हे लक्षात यायला महिने जातात.

तपासणी एका ओळीची आहे. ‘१-१’ आणि ‘११’ या दोन नोंदी, इंग्रजी अंकांत, यूटीएफ-८ च्या इंग्रजी लोकेलमध्ये (भाषेच्या सेटिंगमध्ये) सॉर्ट कमांडला द्या. जुन्या जीलिबसीवर ‘११’ आधी येते, २.२८ पासून पुढे ‘१-१’ आधी येते. आपले कित्येक खातेक्रमांक असेच, मध्ये आडवी रेघ असलेले आहेत! उपाय दोन: डेटाचा डम्प, म्हणजे संपूर्ण उतारा, काढून नव्या सर्व्हरवर भरणे, किंवा काउंटर उघडण्याआधी मजकुराचे सर्व इंडेक्स पुन्हा बांधणे. डेटाबेस ‘सी’ लोकेलवर असेल तर हा त्रास होत नाही. दिवसभरात पाच शाखा उरकणाऱ्या माणसाकडे यातले काही करायला वेळ नसतो.

विजेबद्दल थोडक्यात. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. पॅकेज बसताना वीज गेली तर परत आल्यावर डीपीकेजीला अर्धवट राहिलेली जुळवणी पूर्ण करायला सांगायचे, मग तुटलेले अवलंबित्व दुरुस्त करायचे. आरपीएमवर एकाच पॅकेजच्या दोन नोंदी उरतात, त्या डीएनएफच्या डुप्लिकेट काढण्याच्या पर्यायाने साफ होतात. हे दुरुस्त होते. कर्नलची बूट फाइल अर्धवट राहिली तर मात्र मशीन उठत नाही, म्हणून आधीचा एक कर्नल नेहमी ठेवायचा आणि बूट पार्टिशनमध्ये जागा आहे हे आधी पाहायचे. दुरून काम करताना टीमक्स किंवा स्क्रीनमध्येच करावे, म्हणजे ब्रॉडबँड तुटले तरी काम मध्येच मरत नाही. आणि यूपीएसची बॅटरी लोड लावून तपासावी. हिरवा दिवा म्हणजे बॅटरी नव्हे.

आता मागण्या.

सरसकट बंदी मागे घ्यावी. तिच्या जागी तीन वर्ग लिहून ठरवावेत. बाहेरून, लॉगइनशिवाय वापरता येणाऱ्या दोषाची दुरुस्ती ४८ तासांत. इतर सुरक्षा अपडेट चाचणीनंतर ७ दिवसांत. आवृत्तीबदल मात्र वर्षात एकाच ठरल्या काळात: पतसंस्थांसाठी मार्च क्लोजिंग आणि ऑडिटची पहिली धावपळ सरल्यावर, कारखान्यांसाठी गाळप संपल्यावर. गाळप चालू असताना वजनकाट्याच्या सर्व्हरवर आवृत्तीबदल कोणीही, कोणाच्याही सांगण्यावरून करू नये. सुरक्षा अपडेट मात्र काट्याच्या सर्व्हरलाही लागतात. ते पाळी बदलताना, राखीव मशीन तयार ठेवून करता येतात.

‘सिंगल क्लिक’चा निकष काढून टाकावा आणि वर विचारलेले प्रश्न कोटेशनच्या अटी म्हणून छापावेत. उत्तर कागदावर नव्हे, आपल्याच एका सर्व्हरच्या प्रतीवर प्रात्यक्षिक करून घ्यावे. प्रात्यक्षिकाच्या वेळी आमच्यापैकी दोघांना बसू द्यावे.

मधला साठा आणि चाचणीचे मशीन यांसाठी तालुकावार एकत्र तरतूद करावी. चाचणी आदल्या रात्रीच्या बॅकअपवर व्हावी. म्हणजे बॅकअप परत चढतो की नाही हेही आपोआप तपासले जाईल. पासबुक छपाई, पिग्मी मशीनचा भरणा, व्याज आकारणी, डे-एंड, आणि मराठी व कन्नड दोन्ही लिपींतली पावती, एवढे तपासून मगच शाखांना सोडावे.

कोअर सॉफ्टवेअरच्या पुरवठादाराकडून तो कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आणि डेटाबेसच्या कोणत्या आवृत्तीला आधार देतो, हे लेखी घ्यावे आणि करारात जोडावे. ‘आमचे सॉफ्टवेअर जुन्यावरच चालते’ या तोंडी उत्तरावर आज कितीतरी संस्था अडकून आहेत.

प्रत्येक सर्व्हरची नोंदवही ठेवावी: तारीख, काय बदलले, कोणी मंजूर केले, कोणता स्नॅपशॉट, काय रीस्टार्ट केले, काय थोपवले आणि कधीपर्यंत. ॲप्टचा हिस्टरी लॉग आणि डीएनएफची हिस्टरी यांची प्रत त्याच दिवशी दुसऱ्या मशीनवर जावी. रात्रीच्या कामाला मंजुरी देणाऱ्या एका अधिकाऱ्याचे नाव ठरावात असावे, म्हणजे काही बिघडले की दोष सर्वांत खालच्या क्लार्कवर ढकलला जाणार नाही.

सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेआधी या मागण्यांवर लेखी उत्तर मिळावे. तोपर्यंत एक काम लगेच करता येईल, त्याला ठरावही लागत नाही. प्रत्येक शाखेच्या सर्व्हरवरून तीन ओळी काढून मागवा: ऑपरेटिंग सिस्टिमचे नाव व आवृत्ती, शेवटचे पॅकेज कधी बसले ती तारीख, आणि साठ्याच्या यादीत सहीची तपासणी कुठे बंद केली आहे का. यादी आली की त्यातले सेंटओएस ७, उबुंटू १८.०४ आणि मुदत संपलेले २०.०४ वेगळे काढा. त्यांतले जे इंटरनेटला थेट जोडलेले असतील ते आधी फायरवॉलच्या आत घ्या. यासाठी लागेल तो वेळ आम्ही द्यायला तयार आहोत.

कळावे,

आपले विश्वासू,
बेळगाव सीमाभागातील सहकारी संस्थांचे सर्व्हर सांभाळणारे तंत्रज्ञ